दुसरा भाग नसलेलं पुस्तक

प्रिय ताई,

मी अंबाजोगाईची. बारावीनंतर पुण्याला आले, आता एस. वाय. बी. ए.ला आहे, होस्टेलवर राहते. बाबा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर मुनीम आहेत.

आमच्या कॉलेजात काही सीनियर मुलामुलींनी चालवलेलं एक अभ्यासमंडळ आहे, दर शुक्रवारी संध्याकाळी भरतं. पहिल्या वर्षीच त्यांनी मला त्यात घेतलं याचा मला फार आनंद झाला होता. तिथे सतत मोठमोठी नावं येतात. 'हे फार बायनरी होतंय', 'यात एजन्सी कुठेय', 'तो सगळा डिस्कोर्सच प्रॉब्लेमॅटिक आहे' असं बोलणं चालतं. सगळ्यांना तेच सिनेमे आवडतात आणि त्याच सिनेमांची कीव येते. मीही तसंच बोलायला लागले. एका लांबलचक परदेशी सिनेमात मला चक्क झोप लागली होती, बाहेर आल्यावर मात्र 'त्यातला काळाचा वापर विलक्षण आहे' असं म्हणाले. बोलण्यातलं 'करायलेय, जायलेय' तर मी पहिल्या दोन महिन्यांतच बंद केलं.

गेल्या महिन्यात मंडळात एका फ्रेंच विचारवंताच्या पुस्तकावर बोलणं चाललं होतं. मी ते वाचलेलं नाही. पण गप्प बसवेना, म्हणून बोलून गेले, "मला दुसरा भाग जास्त जमलेला वाटला." दोघातिघांनी माना डोलावल्या. एक सीनियर म्हणाला, "हो, दुसऱ्यात तो जास्त मोकळा होतो." रात्री खोलीवर येऊन मोबाइलवर शोधलं. त्या पुस्तकाला दुसरा भागच नाही. त्या दिवसापासून मला स्वतःची किळस येते. मी एक नंबरची खोटारडी आहे.

आणखी एक. जुन्या हस्तलिखितांचा विषय निघाला होता तेव्हा मी आमच्या गावच्या दासोपंतांच्या पासोडीबद्दल सांगायला लागले. एक जण म्हणाला, "हे जरा लोकल होतंय." मी तिथेच थांबले. दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी विचारलं, काय शिकवतात गं तुला? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. आता मला खरंच कळेनासं झालंय की मला स्वतःला काय आवडतं.

पुढच्या महिन्यात मंडळात त्याच विचारवंताच्या सत्तेविषयीच्या मांडणीवर मला पेपर वाचायचा आहे. नेटवरचे सारांश आणि चॅटजीपीटी यांच्या आधाराने बारा पानं तयार केली आहेत, ती माझी मलाच कळत नाहीत. मंडळ सोडू का? की एवढं निभावून नेऊ?

(एक मुलगी मला एकदा कॅन्टीनमध्ये म्हणाली होती, "तुला यातलं सगळं कळतं का गं?" मी हसले आणि "हो, म्हणजे बऱ्यापैकी," म्हणाले.)

तुमची एक वाचक, पुणे

*

प्रिय मुली,

त्या रात्री तू स्वतःला खोटारडी ठरवलंस आणि तेव्हापासून तोच आरोप घेऊन फिरते आहेस. मला मात्र त्या प्रसंगात आणखी काही दिसतं, आणि ते तुझ्या नजरेतून निसटलेलं आहे. तू नसलेल्या भागाची स्तुती केलीस तेव्हा 'कुठला दुसरा भाग?' असं एकानेही विचारलं नाही. उलट एकाने त्यात स्वतःची भर घातली. म्हणजे निदान माना डोलावणाऱ्यांपैकी तरी ते पुस्तक कुणी वाचलेलं नव्हतं. ज्यांच्यापुढे तुला इतके दिवस कमीपणा वाटत आला, ती मुलं त्या पुस्तकापुरती तुझ्याच जागी बसली होती. त्यांच्यापैकी कितीजण रात्री खोलीवर जाऊन शोधत बसले कोण जाणे, पण तू बसलीस. तू मारलेल्या थापेपेक्षा मला ते शोधणं जास्त बोलकं वाटतं.

आता असंही असेल की एखाद्याला खरी गोष्ट ठाऊक होती आणि तो गप्प बसला. तसं असेल तर प्रश्न आणखी गंभीर आहे, कारण न वाचलेला माणूस बोलतो आहे आणि वाचलेला माणूस गप्प आहे, अशी ती खोली झाली आहे. माणसं असं का करतात, यावर मानसशास्त्रात जुनं आणि फार चांगलं काम झालेलं आहे, ते तुला सांगते.

सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना घेऊन काही प्रयोग केले आणि १९५१ पासून ते प्रसिद्ध केले. प्रयोग अगदी साधा होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन रेघा. तीनपैकी कुठली पहिल्या रेघेएवढी आहे ते मोठ्याने सांगायचं. एकट्याला विचारलं तर कुणी चुकत नाही म्हटलं तरी चालेल, इतकं ते उघड दिसतं. पण खोलीतली बाकीची सगळी मुलं आधीच ठरवून आलेली होती, आणि अठरापैकी बारा वेळा ती सगळी एकमुखाने तेच चुकीचं उत्तर देत. ज्याची खरी परीक्षा होती तो मुलगा एकटाच, आणि त्याची पाळी शेवटी शेवटी यायची. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूने, म्हणजे चुकीची आली. चारातले तिघे निदान एकदा तरी गटाबरोबर वाहवत गेले. नंतर विचारलं तेव्हा काही म्हणाले, माझेच डोळे दगा देत असतील असं वाटलं. काही म्हणाले, मला खरं दिसत होतं, पण चारचौघांत वेगळं पडायचं नव्हतं.

लक्षात घे, तिथे रेघ डोळ्यांसमोर होती. तुमच्या मंडळात तर कित्येकदा पुस्तकही समोर नसतं. तेव्हा तू वाहवलीस याचं मला नवल वाटत नाही आणि त्यावरून तुझा स्वभावच खोटा आहे असंही मी मानणार नाही.

याच प्रयोगांतल्या दोन गोष्टी तुझ्या फार उपयोगाच्या आहेत. पहिली ही की त्या गटात आणखी एकच माणूस खरं उत्तर देऊ लागला, तर गटाबरोबर चुकण्याचं प्रमाण जवळजवळ पावपटीवर आलं. सगळी खोली बदलावी लागली नाही, एक सोबती पुरला. दुसरी अशी की उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून द्यायला सांगितलं, तेव्हाही चुका पुष्कळच कमी झाल्या. या दोन्ही गोष्टी तुला उद्यापासून करता येतील.

सोबती तुझ्याकडे चालून आला होता. पत्राच्या शेवटी कंसात टाकलेली ती मुलगी. तुझ्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच वाक्य टोचलं. "तुला यातलं सगळं कळतं का गं?" हे विचारायला त्या मुलीला किती धीर लागला असेल, ते तुझ्याइतकं कुणाला कळणार? त्या क्षणी तू तिच्यासमोर मंडळातली सीनियर होऊन बसलीस. ती बहुतेक आजही समजते आहे की कळत नाही ते फक्त आपल्यालाच. हे मी तुला दोष द्यायला सांगत नाही. हा दबाव कसा पुढे सरकतो ते तुला दिसावं म्हणून सांगते. कुणीतरी तुला गप्प केलं, तू तिला गप्प केलंस, आणि यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. मंडळाचं काय करायचं ते नंतर ठरव. आधी तिच्याकडे जा. "त्या दिवशी मी खोटं बोलले, मलाही कळत नाही, आपण दोघी मिळून वाचूया का?" एवढंच म्हण. ती हो म्हणेल असं मला मनापासून वाटतं. आणि नाही म्हणाली तरी एका माणसासमोर तू खरं बोललेली असशील.

कागदाची गोष्ट तुझ्या आवडीनिवडीशी निगडित आहे. "मला काय आवडतं तेच कळेनासं झालंय" असं तू लिहिलंस, आणि ते तुला थापेइतकं मोठं वाटलं नाही असं दिसतं, कारण त्यावर तू एका ओळीत आटोपलंस. मला ते जास्त काळजीचं वाटतं. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याच्या वातावरणाविषयी एक अभ्यास केला होता, १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना वाटत होतं की या पिण्याबद्दल मला जेवढी अस्वस्थता वाटते तेवढी बाकीच्यांना वाटत नाही, बाकीच्यांना ते सगळं चालतं. पण आतून अस्वस्थ तर पुष्कळच जण होते, फक्त तसं कुणी बोलत नव्हतं. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. सत्र पुढे सरकलं तसं त्यातल्या मुलग्यांचं स्वतःचं मत हळूहळू त्या समजलेल्या 'सगळ्यांच्या' मताकडे झुकत गेलं. मुलींचं तसं झुकलं नाही, ही त्यातली एक लक्षणीय नोंद आहे. म्हणजे जे मत मुळात फारसं कुणाचं नव्हतं, ते काही काळाने काहींचं खरोखरच झालं.

तुझं तसं होऊ नये. एक वही कर, ती कुणाला दाखवायची नाही. सिनेमा बघून बाहेर पडलीस की कुणाशी एक शब्द बोलायच्या आधी चार ओळी लिही. काय पाहिलं, कुठे लक्ष लागलं, कुठे उडालं. झोप लागली तर झोप लागली असं लिही, आणि कुठल्या प्रसंगापर्यंत जागी होतीस तेही लिही. संथ सिनेमात झोप लागण्याने त्या सिनेमाचाही अपमान होत नाही आणि तुझाही. असे सिनेमे बघायची नजर तयार व्हायला वेळ लागतो, आणि काहींची कधीच होत नाही, त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेलं फिल्म आर्काइव्ह, म्हणजे सिनेमे जतन करणारी सरकारी संस्था आहे, तुझ्या होस्टेलपासून बसने जाता येईल अशा अंतरावर. जगभरचा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायची अशी सोय अंबाजोगाईच्या मुलीला घराजवळ कुठे मिळणार होती? ती संधी 'बाहेर आल्यावर काय बोलायचं' या चिंतेत घालवू नकोस. वहीतल्या ओळी आणि मंडळात बोललेली वाक्यं यांच्यात किती अंतर पडतं ते महिन्याभराने तुझं तुलाच दिसेल.

आता त्या सीनियर मुलामुलींविषयी. तुझ्या पत्रावरून त्यांची टिंगल करणं सोपं आहे, पण मी ती करणार नाही. अठरा-वीस वर्षांच्या वयात मोठे शब्द आधी तोंडात येतात, अर्थ मागून येतो. ज्याला विचार करायची हौस आहे तो या टप्प्यातून जातोच. शुक्रवारची संध्याकाळ मॉलमध्ये न घालवता पुस्तकांवर बोलायला जमावं असं ज्या मुलांना वाटलं, त्यांच्या मनात काहीतरी चांगलं आहे. त्यांनी पहिल्या वर्षाच्या, कुणाची ओळखपाळख नसलेल्या मुलीला आत घेतलं, हेही विसरू नकोस. 'एजन्सी' हा शब्द वापरणं हा काही गुन्हा नाही. एखादी बाई घरातल्या जाचाला तोंड देताना स्वतः काय काय ठरवते, हे बघायला तो शब्द खरोखरच कामाला येतो. शब्द वापरल्यावर 'म्हणजे नक्की काय?' असं विचारायची सोय मंडळात राहिली नाही, तिथे दुखणं सुरू झालं.

त्यात घरच्या परिस्थितीचा भाग मोठा आहे आणि तो स्पष्ट बोलायला हवा. ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तकांचं कपाट होतं, ज्यांच्या घरी येणारी माणसं जेवताना या विषयांवर बोलायची, त्यांना न वाचलेल्या पुस्तकाबद्दलही आत्मविश्वासाने बोलता येतं. नावं लहानपणापासून कानावरून गेलेली असतात, कुठल्या नावावर मान डोलवायची आणि कुठल्या नावावर नाक मुरडायचं ते अंगवळणी पडलेलं असतं. त्याला आपण बाहेरून बुद्धिमत्ता समजतो. तुझ्या कानावरून सोयाबीनचे भाव गेले, हमाली-तोलाईची भांडणं गेली, सकाळी देवघरातले अभंग गेले. त्यामुळे तुझी बोलायची तयारी वेगळ्या गोष्टींची झाली. ती कमी प्रतीची नाही, पण त्या खोलीत तिचं काय करायचं ते कुणाला ठाऊक नाही, अजून तुलाही नाही. आणि 'करायलेय' सोडून 'करतेय' म्हणायला लागलीस, ते तुला मनापासून बरं वाटत असेल तर तसं बोल. घाबरून सोडलं असशील तर पुन्हा धर. त्या एका रूपाने तुझ्या म्हणण्यातलं काहीही हलकं होत नाही.

'लोकल होतंय' म्हणणाऱ्याचं मात्र चुकलंच. परिघावरच्या माणसांबद्दल दर शुक्रवारी बोलणाऱ्या मंडळात परिघावरून आलेली मुलगी तिच्या गावातली वस्तू सांगायला लागते आणि तिला थांबवलं जातं, हे फार वाईट झालं. पासोडी आहे तरी काय? दासोपंत हे सोळाव्या-सतराव्या शतकातले कवी. त्यांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर 'पंचीकरण' हे वेदान्तातलं प्रकरण ओव्यांत लिहून काढलं. पाच महाभूतं एकमेकांत मिसळून ही दिसणारी सृष्टी आणि आपलं शरीर कसं तयार होतं, असा अवघड विषय, मराठीत, अंगावर पांघरायच्या जाड कापडावर. हस्तलिखितांविषयी बोलणाऱ्या कुठल्याही खोलीत, जगात कुठेही, हे ऐकायला माणसं पुढे सरकून बसतील.

पण इथे तुलाही एक विचारते. पासोडी तू पाहिली आहेस, वाचली आहेस का? त्यातल्या चार ओव्यांचा अर्थ सांगता येईल? येत नसेल, तर उद्या रागाच्या भरात तिचा झेंडा करून मंडळात शिरू नकोस. परक्या विचारवंताचं नाव न वाचता मिरवणं आणि गावच्या संतकवीचं नाव न वाचता मिरवणं यात मला फरक दिसत नाही. पुण्यात अशी मुलंही आहेत जी एका प्रकारच्या दिखाव्याला कंटाळून 'आपल्या मातीतलं' म्हणत दुसऱ्या प्रकारच्या दिखाव्यात शिरतात, आणि तिथेही सगळ्यांनी सारखंच बोलायचं असतं. सुट्टीत घरी जाशील तेव्हा पासोडी पुन्हा बघ, कुणी जाणकार असेल तर समोर बसून वाचून घे, न कळलेलं लिहून आण.

तुला भाषेची भीती बसली आहे, म्हणून इरावती कर्वे यांच्याबद्दल सांगावंसं वाटतं. बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट घेतलेली ही विदुषी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तिने आयुष्यभर संशोधन केलं. त्या एकदा पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर पायी चालल्या आणि त्यावर त्यांनी मराठीत लेख लिहिला. एकाच विठोबाला निघालेल्या, एकच अभंग म्हणणाऱ्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळींचं जेवण मात्र वेगवेगळं होतं. ते त्यांना खुपलं आणि तसं त्यांनी सरळ लिहिलं. जात, भक्ती, समूह यांविषयी यापेक्षा गुंतागुंतीचं निरीक्षण कुठलं असेल? तरी त्यातलं वाक्य अन् वाक्य तुझ्या बाबांना कळेल असं आहे. त्यांना अवघड शब्द येत नव्हते असं तर कुणी म्हणणार नाही. त्या चालल्या होत्या, त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांना आडोशाची गरज पडली नाही.

आता पेपर. ती बारा पानं बाजूला ठेव. त्यातलं एक वाक्यही वाचू नकोस, कारण तू म्हणतेस तसं ते तुझं तुलाच कळत नाही आणि पहिल्या प्रश्नाला तुझी पंचाईत होईल. किंवा कुणी प्रश्नच विचारणार नाही, आणि ते तर जास्तच वाईट. ग्रंथालयातून मूळ पुस्तक काढ, इंग्रजी भाषांतर असेल ते. त्यातलं एकच प्रकरण निवड, शक्य तितकं छोटं. त्या मुलीबरोबर बस. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि त्यात काय म्हटलंय ते स्वतःच्या मराठीत लिहायचं. लिहिताना जिथे हात अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायची.

हे लिहिणं का हवं तेही सांगते. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना आधी विचारलं, झिप कशी चालते, फ्लश कसा चालतो, हे तुम्हाला कितपत कळतं? लोकांनी स्वतःला बऱ्यापैकी गुण दिले. मग त्यांना पायरी पायरीने समजावून लिहायला सांगितलं, आणि त्यानंतर पुन्हा गुण द्यायला सांगितलं. गुण खाली आले. रोजच्या वापरातल्या झिपेची ही गत, तर सत्तेच्या मांडणीची काय असेल? आपल्याला कळलंय असं वाटणं फार स्वस्तात मिळतं, चांगल्या वाचकांनाही. लिहायला बसलं की ते उतरतं आणि खरं वाचन तिथून सुरू होतं. चॅटजीपीटीचा गुळगुळीत सारांश नेमकी हीच अडखळायची जागा बुजवून टाकतो, म्हणून आधी स्वतः वाच. नंतर एखाद्या अडलेल्या वाक्याचा अर्थ तिथे विचारलास तर माझी हरकत नाही, फक्त मिळालेलं उत्तर मूळ परिच्छेदाशी ताडून बघ. वर्गात शिकवणाऱ्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना गाठलंस तर त्याहून बरं. 'या परिच्छेदात अडलेय' असं म्हणत पुस्तक उघडून समोर येणारा विद्यार्थी शिक्षकांना वर्षातून फार थोड्या वेळा भेटतो. त्यांना आनंदच होईल.

पेपर सुरू करताना सांग की मी पूर्ण पुस्तक वाचलेलं नाही, एक प्रकरण वाचलंय आणि त्याबद्दलच बोलणार आहे. पुढच्याच वाक्यात सांग, "मागे मी दुसऱ्या भागाविषयी बोलले होते, तसा भाग नाही, मी न वाचता बोलले होते." एवढ्यावर थांब. रडायचं नाही, लांबवायचं नाही, आणि भर घालणाऱ्या त्या सीनियरकडे त्या वेळी बघायचंसुद्धा नाही. त्याला उघडं पाडायचा मोह होईल, तो आवर. तू स्वतःपुरतं खरं बोललीस की त्याला त्याचं कळेल आणि त्याचं काय करायचं ते तो ठरवेल. त्याला चारचौघांत पकडलंस तर तो स्वतःचा बचाव करेल, बाकीचे आणखी सावध होतील आणि खोलीत खरं बोलणं आणखी महाग होईल. तुला हवं आहे त्याच्या नेमकं उलट.

मग प्रकरणातलं जे कळलं ते सांग. जिथे पेन्सिलीच्या खुणा आहेत तो परिच्छेद मोठ्याने वाच आणि म्हण, "मी इथे अडले आहे, कुणाला लागला असेल तर सांगा." त्यानंतर जी शांतता पसरेल तिला घाबरू नकोस, ती भरून काढायचं काम तुझं नाही. कुणीतरी पुस्तक मागून घेईल, दोन वेळा वाचेल आणि म्हणेल, "मलाही नाही लागत हे." त्या शुक्रवारी तुमच्यात खरी चर्चा झाली असं समज.

मंडळ सोडायचं की नाही ते त्या दिवशी तुला कळेल, म्हणून आज मी हो-नाही म्हणत नाही. लोक पुस्तकाकडे वळले तर राहा, आणि पुढे तूही कुणाला 'लोकल' म्हणू देऊ नकोस. हसले, टोमणे मारले, तुला 'बेसिक' वगैरे ठरवून मोकळे झाले, तर खुशाल सोड. मागे वळून बघायची गरज नाही. तुम्ही दोघी दर शुक्रवारी ग्रंथालयात बसलात तरी तेही अभ्यासमंडळच आहे, आणि दोघींच्या वर्गात असे आणखी दोनतीन जण निघतील याबद्दल मला शंका नाही.

राहता राहिले बाबा. "तुम्हाला नाही कळायचं" हे वाक्य तुझ्या मनात सलतं आहे, नाहीतर चष्मा पुसण्याचं तुला आठवलं नसतं. माफी मागच, पण नुसती माफी मागून फोन ठेवू नकोस. तुझा विषय सत्ता आहे ना? नोंदी, कागद, मोजमाप यांच्यातून माणसावर सत्ता कशी चालते, अशा काही गोष्टी त्या विचारवंताने मांडल्या आहेत, असं तुझ्या प्रकरणातही निघेल कदाचित. मोंढ्यात शेतकरी माल घेऊन येतो तेव्हा काट्यावर कोण उभं असतं, ओलावा जास्त आहे हे कोण ठरवतं, हमाली-तोलाई कशी कापली जाते, हिशेबपट्टीवर काय लिहिलं जातं आणि काय लिहिलं जात नाही, शेतकरी ती वाचतो का, वाचली तर वाद घालू शकतो का, हे सगळं तुझ्या बाबांना आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत आहे. ते काट्याच्या कुठल्या बाजूला बसतात याबद्दलही त्यांच्या मनात काही असेल. कुणी विचारलं नसेल म्हणून ते बोलले नसतील. त्यांना विचार. तुझं प्रकरण आधी त्यांना सोप्या मराठीत सांग, मग मोंढ्याला ते लागू पडतं का ते विचार. त्यांना कळलं नाही तर ते सांगतील, त्यांना लाजायचं कारण नाही. ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. आणि एका जुन्या हिशेबपट्टीचा, नाव झाकून, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांग, पेपरला लागेल.

तुझी,
ताई